अमेरिकेत रेस्टॉरंट चालवताना किमान वेतन आणि टिपचा हिशेब कसा ठेवावा

‘टेक्सासमध्ये वेटरला तासाला २.१३ डॉलर दिले तरी भागतं’ हे वाक्य अमेरिकेत रेस्टॉरंट सुरू करणाऱ्याच्या कानावर लवकरच पडतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. केंद्राच्या कायद्याने वेटरचं किमान वेतनसुद्धा ७.२५ डॉलरच आहे. त्यातले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकाच्या टिपेतून आले असं धरायची सवलत मालकाला आहे, आणि तिला टिप क्रेडिट म्हणतात. ही सवलत सशर्त आहे. अट मोडली की ती जाते, आणि मागचा फरक दुपटीने भरावा लागतो.

पुण्या-मुंबईत टिप ही गिऱ्हाईक आणि वेटर यांच्यातली बाब असते. मालकाच्या पगारपत्रकात ती कुठे दिसत नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा ह्यूस्टनमध्ये नव्याने धंदा टाकणाऱ्याला इथली पद्धत उलटी वाटते. टिप इथेही कामगाराचीच असते, पण तिचा हिशेब ठेवायची जबाबदारी मालकाची. फूड ट्रक, बार, थ्रेडिंगचं सलून यांनाही हे लागू आहे. पुढचं सगळं केंद्राच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टवर बेतलेलं आहे. राज्याचा नियम जिथे वेगळा पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: कायदा आपल्याला लागतो का

वर्षाची उलाढाल ५,००,००० डॉलर किंवा जास्त असेल तर संपूर्ण धंदा कायद्याखाली येतो. उलाढाल कमी आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. जो कामगार क्रेडिट कार्ड मशीनवर चालवतो, दुसऱ्या राज्यातल्या पुरवठादाराला फोन करून माल मागवतो, तो आंतरराज्य व्यापारात काम करतो असं धरलं जातं आणि त्या एकट्याला कायद्याचं संरक्षण मिळतं. आज कार्ड न घेणारं रेस्टॉरंट शोधूनही सापडणार नाही. शिवाय राज्याच्या कायद्यात बहुतेक ठिकाणी उलाढालीची अशी अटच नसते.

घरच्या माणसांबद्दल गैरसमज फार. दुकानात नेहमी काम करणारे सगळेच मालकाच्या जवळच्या कुटुंबातले असतील, तर उलाढालीची कसोटी त्या दुकानाला लागत नाही. पण बाहेरचा एक माणूस नेहमीच्या कामाला ठेवला की ही सूट संपते. मग ‘भाचा आहे, सुट्टीत हात लावतो’ असं म्हणून त्याला गल्ल्यावर फुकट बसवता येत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यात स्वयंसेवक हा प्रकार कायद्याला मान्य नाही. नव्या वेटरची ‘ट्रायल शिफ्ट’ बिनपगारी ठेवणं हेही त्यातलंच. पहिल्या तासापासून पगार लागू होतो. कामगाराकडे कागदपत्रं आहेत की नाहीत याचा या हक्काशी संबंध नाही. केलेल्या कामाचं किमान वेतन त्यालाही द्यावंच लागतं.

पायरी २: आपला दर कोणता

केंद्र, राज्य आणि शहर किंवा काउंटी, या तिन्हींपैकी कामगाराला ज्यात जास्त मिळेल तो दर. केंद्राचा ७.२५ डॉलरचा दर २४ जुलै २००९ पासून जागचा हललेला नाही, आणि टिपवाल्यांचा २.१३ हा रोख दर, म्हणजे मालकाने स्वतः द्यायचा पगार, तर १९९१ पासून तसाच आहे. जॉर्जियाच्या कायद्यात किमान वेतन ५.१५ लिहिलेलं आहे, तरी तिथल्या बहुतेक मालकांना ७.२५ च द्यावे लागतात.

राज्यांचे तीन गट डोक्यात ठेवले की गोंधळ कमी होतो.

पहिल्या गटात टिप क्रेडिटच नाही: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन राज्य, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का. इथे वेटरला पूर्ण किमान वेतन पगार म्हणून द्यायचं आणि टिप त्यावर वेगळी. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये तो दर १६.५० डॉलर होता. या राज्यांतल्या मालकांनी टिप क्रेडिटचं गणित सोडून द्यावं, पण टिप पूल (टिप एकत्र करून वाटणं) आणि कपातीच्या पायऱ्या वाचाव्यात.

दुसऱ्या गटात टेक्साससारखी केंद्राचेच आकडे वापरणारी राज्यं.

तिसऱ्या गटात सवलत आहे, पण आकडे वेगळे. न्यू जर्सीत २०२५ मध्ये किमान वेतन १५.४९, रोख दर ५.६२, म्हणजे टिप क्रेडिट जास्तीत जास्त ९.८७. न्यूयॉर्क शहरात त्याच वर्षी रेस्टॉरंटच्या सर्व्हरसाठी १६.५० पैकी ११ डॉलर रोख द्यावे लागत. इलिनॉयमध्ये १५ आणि ९. पण शिकागो शहराने टिप क्रेडिट टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत संपवायचं २०२३ मध्ये ठरवलं, त्यामुळे शहराच्या हद्दीत एक दर आणि हद्दीपलीकडच्या उपनगरात दुसरा. सलूनवाल्यांनी लक्षात ठेवावं की न्यूयॉर्कमध्ये सलून, कार वॉश वगैरेंसाठीचं टिप क्रेडिट २०२० च्या अखेरीस बंद झालं.

दर बदलायच्या तारखाही एक नाहीत. बऱ्याच राज्यांत १ जानेवारी, शिकागोत १ जुलै, फ्लोरिडात ३० सप्टेंबर. पगाराचा हिशेब करून देणारी पेरोल कंपनी दर आपोआप बदलेल असं गृहीत धरून बसणं ही नेहमीची चूक. केंद्र-राज्याचे दर ती बदलते, पण आपलं दुकान कोणत्या शहराच्या हद्दीत आहे हे तिला आपणच नीट सांगितलेलं असावं लागतं. कॅलेंडरमध्ये तारीख घाला आणि बदलानंतरची पहिली पगारचिठ्ठी स्वतः तपासा.

पायरी ३: टिप क्रेडिट कोणावर घेता येतं

ज्याला त्याच्या कामात नेहमी आणि रिवाजाने महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप मिळते, तो टिपवाला कामगार. पेन्सिल्वेनियात ही मर्यादा १३५ डॉलर आहे. वेटर, बारटेंडर, टेबल उचलणारा बसर, गिऱ्हाइकाला थेट वाढणारा काउंटरवाला हे यात बसतात. तंदूरवर उभा राहणारा, डोसे घालणारा, भांडी धुणारा, साफसफाईवाला बसत नाहीत. आतल्यांना कोणी कधीमधी पाच डॉलर दिले म्हणून ते टिपवाले होत नाहीत.

एकच माणूस दोन कामं करत असेल तर? दुपारी डिलिव्हरीच्या पिशव्या भरून किचनमध्ये कांदा चिरणारा आणि संध्याकाळी टेबलं सांभाळणारा मुलगा छोट्या रेस्टॉरंटमध्ये हमखास असतो. किचनच्या तासांना पूर्ण किमान वेतन, टेबलांच्या तासांना टिप क्रेडिटचा दर, असे दोन वेगळे कोड हजेरीत लागतात.

वेटरच्या कामाला चिकटून येणारी कामं, म्हणजे टेबल मांडणं, कॉफी करणं, अधूनमधून ग्लास विसळणं, केंद्राच्या नियमात वेटरच्याच कामाचा भाग धरली जातात. अशी कामं किती वेळ चालतील याला २० टक्क्यांची आणि सलग ३० मिनिटांची मर्यादा घालणारा नियम डिसेंबर २०२१ मध्ये आला. ऑगस्ट २०२४ मध्ये फिफ्थ सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि जुना, १९६७ चा ढोबळ नियम परत आला. म्हणून वेटरकडून तासन् तास शौचालयं घासून घ्यावीत असा याचा अर्थ नाही. ते वेगळं काम आहे आणि त्याला टिप क्रेडिट लागत नाही. काही राज्यांनी मर्यादा स्वतःच्या नियमात ठेवली आहे. न्यूयॉर्कमध्ये बिनटिपेचं काम एका दिवशी दोन तास किंवा शिफ्टच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त, यातलं जे कमी ते झालं की त्या अख्ख्या दिवसाचं टिप क्रेडिट जातं.

पायरी ४: कामगाराला आधी सांगा

सगळ्यात जास्त मालक इथे पडतात, आणि ही अट पाळायला एक पैसा लागत नाही. टिप क्रेडिट घेण्याआधी कामगाराला पाच गोष्टी कळवाव्या लागतात. मालक रोख किती दर देणार. टिप क्रेडिट म्हणून किती रक्कम धरणार. ती रक्कम त्याला खरोखर मिळालेल्या टिपेपेक्षा जास्त नसेल. सर्व टिप त्याचीच राहील, फक्त टिपवाल्यांच्या वैध पूलमधला वाटा सोडून. आणि हे कळवल्याशिवाय टिप क्रेडिट घेता येणार नाही.

केंद्राच्या नियमात तोंडी सांगितलेलं चालतं. आम्ही म्हणू, तोंडी सांगूच नका. दोन वर्षांनी तक्रार झाल्यावर ‘सांगितलं होतं’ हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं आणि तोपर्यंत तो सांगणारा मॅनेजर भलत्याच राज्यात निघून गेलेला असतो. एका पानाचा फॉर्म करा, आकडे घाला, कामगाराला समजेल त्या भाषेत द्या, सही आणि तारीख घ्या. दर बदलला की नवा फॉर्म. भिंतीवर किमान वेतनाचं सरकारी पोस्टर लावणं बंधनकारक आहेच, पण ते लावल्याने या पाच गोष्टी कळवल्या असं होत नाही.

पायरी ५: दर आठवड्याचा हिशेब

हिशेबाचं एकक आठवडा आहे: सलग सात दिवस, १६८ तास. तो सोमवारी सुरू करा की रविवारी, एकदा ठरला की तोच. पगार पंधरवड्याने दिला तरी दोन आठवड्यांची सरासरी काढता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात भरपूर मिळालेली टिप पुढच्या रिकाम्या आठवड्याला पुरवता येत नाही.

टेक्सासचं उदाहरण घेऊ. वेटरने ३० तास काम केलं. रोख पगार ३० × २.१३ = ६३.९० डॉलर. त्या आठवड्यात टिप मिळाली १२०. एकूण १८३.९०. किमान वेतन हवं ३० × ७.२५ = २१७.५०. तूट ३३.६०, ती मालकाने भरायची. पाऊस-बर्फाचे आठवडे, नवीन उघडलेलं दुकान, दुपारची रिकामी शिफ्ट इथे ही तूट नेहमी येते. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये ती भरून काढायची सोय असते, पण टिपेचे आकडे आठवड्याप्रमाणे भरले नाहीत तर सॉफ्टवेअर काय करणार?

मॅसॅच्युसेट्समध्ये हीच तपासणी आठवड्याला नव्हे, प्रत्येक शिफ्टच्या शेवटी करावी लागते.

तास मोजतानाही पैसे निसटतात. दार उघडायच्या आधीची मांडामांड आणि गिऱ्हाईक गेल्यानंतरची झाडलोट हे कामाचेच तास. वीस मिनिटांपर्यंतची विश्रांती पगारी. जेवणाचा अर्धा तास बिनपगारी ठेवायचा तर त्या वेळात माणूस पूर्ण मोकळा हवा. जेवता जेवता फोनवर ऑर्डर घेत असेल तर तो अर्धा तास कामाचा. रोजचा अर्धा तास आपोआप वजा करणारी सेटिंग घड्याळात चालू असेल तर आधी ती बंद करा.

पायरी ६: ओव्हरटाइम, जिथे गणित हमखास चुकतं

आठवड्यात ४० तासांवर गेलं की दीडपट. मग २.१३ ची दीडपट, म्हणजे साधारण ३.२० डॉलर? नाही. दीडपट पूर्ण किमान वेतनाची करायची आणि त्यातून टिप क्रेडिट एकदाच वजा करायचं: ७.२५ × १.५ = १०.८८, १०.८८ − ५.१२ = ५.७६ डॉलर.

४८ तासांचा आठवडा धरा. बरोबर हिशेब: ४० × २.१३ = ८५.२० आणि ८ × ५.७६ = ४६.०८, मिळून १३१.२८. चुकीचा हिशेब: ८५.२० अधिक ८ × ३.२० = २५.६०, मिळून ११०.८०. एका माणसामागे आठवड्याला २०.४८ डॉलर कमी. पाच वेटर रोज असेच राबत असतील आणि चौकशी दोन वर्षं मागे गेली, तर रक्कम दहा हजारांच्या वर जाते, आणि ती दुपटीने द्यायची असते.

न्यू जर्सीच्या २०२५ च्या आकड्यांनी हेच सूत्र १५.४९ × १.५ − ९.८७ = १३.३७ असं पडतं. कॅलिफोर्नियात दिवसाला आठ तासांवर गेलं की ओव्हरटाइम सुरू होतो, आठवडा ४० चा झाला नसला तरी.

मालकाची दोन दुकानं असतील आणि तोच माणूस दोन्हीकडे काम करत असेल, तर तास बहुधा एकत्र मोजले जातात. एकीकडे ३० आणि दुसरीकडे २५ दाखवून ओव्हरटाइम चुकवता येत नाही.

पायरी ७: टिप पूल

टिप एकत्र करून वाटणं कायदेशीर आहे. प्रश्न असतो वाटेकरी कोण याचा.

टिप क्रेडिट घेत असाल तर पूलमध्ये फक्त टिपवाले: सर्व्हर, बसर, बारटेंडर. आचाऱ्याला त्यातून दहा टक्के दिले की पूल अवैध होतो, मग तो आचारी कितीही गरजू असो. टिप क्रेडिट अजिबात घेत नसाल आणि सगळ्यांना पूर्ण किमान वेतन पगार म्हणून देत असाल, तर केंद्राच्या नियमाने आचारी आणि भांडी धुणारेही वाटेकरी होऊ शकतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे उघड मान्य झालं. भारतीय किचनमध्ये खरी करामत आतल्या माणसाची असते, तेव्हा ज्यांना हा अन्याय डाचतो त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. राज्याचा नियम मात्र आधी पाहावा. न्यूयॉर्कमध्ये आतले लोक पूलमध्ये घेता येत नाहीत.

मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना पूलमधून एक सेंटही घेता येत नाही, टिप क्रेडिट असो वा नसो. पाटी ‘मॅनेजर’ अशी आहे की नाही याला महत्त्व नाही, काम काय हे पाहतात: मुख्य काम व्यवस्थापन, दोन किंवा अधिक पूर्णवेळ माणसांवर देखरेख, आणि नेमणूक किंवा काढून टाकण्यात ज्याच्या शब्दाला वजन आहे तो. धंद्यात २० टक्के किंवा जास्त हिस्सा असून चालवण्यात भाग घेणारा भागीदारही त्यात. अशा माणसाने एखादं टेबल पूर्णपणे एकट्याने सांभाळलं तर त्या टेबलाची टिप त्याला ठेवता येते, एवढाच अपवाद. ‘शिफ्ट लीड’ असं नाव असलेला, पण नेमणुकीत काही चालत नसलेला वेटर वाटेकरी राहू शकतो.

गल्ल्याजवळची बरणी हा मालकांचा आवडता घोटाळा आहे. मालकीणबाई स्वतः काउंटरवर उभ्या असतात, बरणीतल्या पैशांत सगळ्यांची टिप मिसळलेली असते आणि रात्री ती गल्ल्यात रिकामी होते. हे टिप ठेवून घेणंच झालं. ती रक्कम आणि तेवढीच नुकसानभरपाई, असा दावा कामगार करू शकतात.

वाटप नेहमीच्या पगाराच्या दिवसापर्यंत व्हायला हवं. पूलमध्ये किती द्यायचं ते कामगाराला आधी कळवलेलं हवं, आणि टिप क्रेडिट मोजताना पूलनंतर त्याच्या हातात उरलेली टिपच धरायची. टेबलावर मिळालेली नाही.

पायरी ८: कार्ड आणि सर्व्हिस चार्ज

कार्डवर आलेल्या टिपेतून बँकेची फी, समजा ३ टक्के, त्या टिपेपुरती कापणं केंद्राच्या नियमात चालतं. पण त्याने किमान वेतन खाली जाता कामा नये, आणि बँकेकडून पैसे आले नाहीत म्हणून टिप अडवता येत नाही. कॅलिफोर्नियात ही कापणी मुळीच चालत नाही. खरं सांगायचं तर वीस डॉलरच्या टिपेवरचे साठ सेंट वाचवण्यापेक्षा ही कापणी सोडून द्यावी. हिशेबाची कटकट जास्त.

आठपेक्षा मोठ्या पंगतीला बिलात आपोआप लागणारे १८ टक्के ही टिप नाही. गिऱ्हाइकाला रक्कम ठरवायची मोकळीक नसेल तर तो सर्व्हिस चार्ज, म्हणजे धंद्याचं उत्पन्न. त्यातलं वेटरला दिलं तर तो पगार होतो: किमान वेतनात धरता येतो, पण ओव्हरटाइमचा मूळ दर काढतानाही मिळवावा लागतो, आणि टिप क्रेडिटसाठी वापरता येत नाही. बिलिंगच्या मशीनवर ‘ऑटो ग्रॅच्युइटी’ आणि टिप हे दोन वेगळे रकाने हवेत. एकत्र पडले तर वर्षाअखेरीस अकाउंटंट डोकं धरतो. बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ लिहून तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट कळू द्या. काही राज्यांत न कळवल्यास तो वेटरचाच ठरतो.

पायरी ९: पगारातून काय कापू नये

टिप क्रेडिटवर असलेला कामगार कायद्याच्या नजरेत नेमक्या किमान वेतनावर उभा असतो. म्हणून त्याच्याकडून काहीही वसूल केलं की तो खाली जातो. गिऱ्हाईक बिल न देता पळालं, थाळी फुटली, गल्ला वीस डॉलरने कमी भरला: यातलं काहीच त्याच्या पगारातून किंवा टिपेतून घेता येत नाही. सक्तीचा लोगोवाला टी-शर्ट आणि त्याची किंमत हेही त्यातच. स्वयंपाक्यासारख्या जास्त दराच्या कामगाराकडून कापताना निदान किमान वेतन आणि ओव्हरटाइम शाबूत राहतो का ते पाहायचं; राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो.

जेवणाची गोष्ट वेगळी. मालकाने दिलेल्या जेवणाचा वाजवी खर्च, नफा न धरता, वेतनात मोजायची सोय केंद्राच्या कायद्यात आहे. मेन्यूवरची किंमत धरली की तो हिशेब बाद.

पायरी १०: ठोक पगारावरचा आचारी

‘राहणं-खाणं आमचं, आठवड्याला सातशे डॉलर ठोक’ हा सौदा भारतीय रेस्टॉरंटांत सर्रास होतो. कामाचे तास ६५. सातशेला ६५ ने भागलं तर तासाला १०.७७. न्यू जर्सीत हे सरळ किमान वेतनाखाली आहे. टेक्सासमध्ये वर आहे, पण ओव्हरटाइम कुठे गेला? सातशे डॉलर ४० तासांसाठी ठरले होते असं मानलं गेलं तर दर १७.५० आणि वरच्या २५ तासांचे २६.२५ प्रमाणे ६५६.२५ डॉलर बाकी. सगळ्या ६५ तासांसाठी ठरले होते हे सिद्ध झालं तर दराच्या निम्म्याने, साधारण १३४.६० बाकी. कोणती बाजू उभी राहील हे लेखी करार आणि हजेरी ठरवते, आणि नेमक्या या दोन गोष्टी अशा सौद्यांत नसतात.

पगार ठोक दिला म्हणून ओव्हरटाइम सुटत नाही. त्यासाठी आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार आणि वर सांगितल्यासारखं खरं व्यवस्थापनाचं काम, दोन्ही हवं. दिवसभर तंदूरसमोर उभा राहणारा ‘हेड शेफ’ दुसऱ्या कसोटीला उतरत नाही.

पायरी ११: नोंदी आणि कर

पगाराच्या नोंदी तीन वर्षं, हजेरीची कार्डं आणि शिफ्टचे तक्ते दोन वर्षं जपायचे. टिपवाल्यासाठी जादा: टिप क्रेडिट घेत असल्याची खूण, त्याने कळवलेली टिप, तासाला किती क्रेडिट धरलं ते, आणि टिपेचे व बिनटिपेचे तास वेगळे. टिप क्रेडिट न घेता पूल चालवणाऱ्यालाही टिपेची नोंद ठेवावी लागते.

महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली तर कामगाराने पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवायची. रोख टिप लपवायची सवय असते, आणि मालकही डोळेझाक करतो, कारण कळवलेल्या टिपेवर त्यालाही ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचे कर) भरावे लागतात. ही डोळेझाक महागात पडते. टिप कागदावर नसेल तर ती मिळाली हे दाखवता येत नाही, आणि टिप क्रेडिटच धोक्यात येतं. शिवाय भरलेल्या ७.६५ टक्क्यांपैकी पगार तासाला ५.१५ डॉलरपर्यंत आणायला लागलेली टिप सोडून बाकीच्या टिपेवरचा भाग रेस्टॉरंटला फॉर्म ८८४६ भरून आयकरात वळता करून घेता येतो. छोटे मालक हे क्रेडिट कितीदा तरी मागतच नाहीत.

२०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपेवर २५,००० डॉलरपर्यंत आयकराची वजावट मिळते, ती कामगाराला. मालकाचे पेरोल कर आणि किमान वेतन यांत त्याने काही बदललेलं नाही.

चूक सापडली तर

केंद्राच्या मजूर खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनचा अधिकारी येतो तेव्हा पगारपत्रक आणि हजेरी मागतो, आणि कामगारांशी मालकाच्या अनुपस्थितीत बोलतो. हजेरीच नसेल तर कामगारांनी आठवणीने सांगितलेले तास ग्राह्य धरले जातात. मालकाकडे खोडायला कागद नसतो. मुदत दोन वर्षांची, जाणूनबुजून केल्यास तीन. थकबाकी, तेवढीच नुकसानभरपाई, कोर्टात गेलं तर कामगाराच्या वकिलाची फी. कंपनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची) आहे म्हणून मालक वैयक्तिक जबाबदारीतून सुटेलच असं नाही. तक्रार करणाऱ्याच्या शिफ्ट कमी करणं किंवा व्हिसाची धमकी देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मूळ चुकीपेक्षा जड पडतो.

स्वतःलाच चूक दिसली तर आधी ती चालू आठवड्यापासून थांबवा. मग दोन वर्षांच्या नोंदी काढून माणसागणिक, आठवड्यागणिक फरक मांडा, सोडून गेलेल्यांचाही. पैसे वाटून ‘आता काही मागणार नाही’ असा कागद घरीच करून घेऊ नका, केंद्राच्या कायद्याखाली अशा खासगी माफीनाम्याला सहसा किंमत नसते. डिव्हिजनच्या देखरेखीखाली भरणा केला तर कामगाराने स्वीकारलेल्या रकमेपुरता त्या काळाचा दावा मिटतो. तसा भरणा करायच्या आधी मजूर कायद्याच्या वकिलाकडे एक तास घाला, आणि जाताना पाच गोष्टींचा तो सहीचा फॉर्म, शेवटच्या आठ आठवड्यांची हजेरी आणि टिप पूलचा तक्ता बरोबर न्या.